पुरानंतरच्या मनासाठी १४४१६ : ‘टेलि-मानस’ सेवेचा अनुभव

सप्टेंबर २०२५मध्ये सीना नदीचे पाणी परांडा तालुक्यातील आमच्या गावात शिरले, तेव्हा माझ्या थोरल्या भावाने गोठ्यातील तीन गाईंपैकी दोघींची दावी अंधारात चाचपडत सोडली. तिसरीच्या दाव्याची गाठ पाण्याने फुगून आवळली होती, ती सुटली नाही. पुढे पाणी ओसरले, घरातला गाळ निघाला, पंचनामाही झाला, पण दादा त्या गाठीपाशीच राहिला. ढग गडगडला की तो अंथरुणातून उठे, बॅटरी घेऊन नदीवर जाई आणि उजाडेपर्यंत काठावर उभा राही. जेवताना मध्येच त्याची बोटे गाठ सोडवत असल्यासारखी हलत. त्या दिवसांत आम्ही केंद्र सरकारच्या ‘टेलि-मानस’ या मानसिक आरोग्याच्या दूरध्वनी सेवेचा आधार घेतला आणि त्याच अनुभवावर हा अभिप्राय लिहिते आहे.

ही सेवा १० ऑक्टोबर २०२२ रोजी, जागतिक मानसिक आरोग्य दिनी सुरू झाली. क्रमांक १४४१६. तो चोवीस तास चालतो, पैसे पडत नाहीत आणि मराठीत बोलता येते. बंगळुरूची निम्हान्स ही मानसिक आरोग्याची राष्ट्रीय संस्था तिची शिखर संस्था आहे. फोन प्रथम प्रशिक्षित समुपदेशकाकडे जातो आणि गरज भासल्यास पुढे मनोविकारतज्ज्ञाकडे किंवा जवळच्या रुग्णालयाकडे जोडून दिला जातो.

त्याआधी, पुण्यात राहणाऱ्या भाचीने दादासाठी एका खासगी ॲपचे पैसे भरले होते. तिथल्या व्यक्तीने त्याच्याशी हिंदी-इंग्रजीत संवाद साधला आणि झोप लागण्यासाठी रात्री ऐकायला एक ध्वनिमुद्रण पाठवले. ते संथ पडणाऱ्या पावसाचे होते. दादाने फोन वहिनीच्या हाती दिला आणि तो अंगणात जाऊन बसला. कुणाचा हेतू वाईट नसेलही, परंतु समोरच्या माणसावर नेमके काय कोसळले आहे हे विचारल्याशिवाय उपाय दिला, तर तो उपाय जखमेवरच बसतो हे मी त्या रात्री पाहिले.

‘टेलि-मानस’ला पहिला फोन दादाने नव्हे, मी केला. घरच्या माणसासाठी दुसऱ्याने फोन केला तरी चालतो, ही गोष्ट मला फार मोलाची वाटते, कारण आपल्याकडचा पन्नाशीचा शेतकरी ‘माझं मन ठिकाणावर नाही’ असे स्वतःहून कधी सांगायचा नाही. दोन दिवसांनी दादा बोलायला तयार झाला. पलीकडच्या बाईंनी पीक, कर्ज, अनुदान यांपैकी काहीही आधी काढले नाही. त्या म्हणाल्या, “काका, आधी गाईचं सांगा, बाकीचं मागून बघू.” दादा बराच वेळ बोलला आणि मग रडला. गावात पाणी शिरल्यापासून तो रडला नव्हता.

जीव द्यावासा वाटतो का, हेही त्यांनी आडवळण न घेता विचारले. असे विचारल्याने माणसाच्या डोक्यात तो विचार भरतो, हा आपल्याकडचा समज चुकीचा आहे. स्पष्ट विचारले की बोलण्याची वाट मोकळी होते. फवारणीची औषधे घरात कुठे ठेवली आहेत, अशी चौकशी त्यांनी वहिनीकडे केली आणि ती काही काळ शेजाऱ्यांकडे कुलपात ठेवायला सांगितली. वहिनीने त्याच संध्याकाळी ती हलवली.

पुढच्या बोलण्यांत ठरलेल्या गोष्टी साध्या होत्या. हवामान विभागाचा अंदाज दिवसातून एकदाच, संध्याकाळी सातला पाहायचा. पिवळा, नारिंगी, लाल यांपैकी कोणता इशारा आहे ते फळ्यावर लिहायचे आणि फोन बाजूला ठेवायचा. रात्री पुराचे व्हिडिओ बघायचे नाहीत. छातीत धडधडू लागली की श्वास सावकाश सोडायचा आणि पायाखालची जमीन तळव्यांनी दाबून पाहायची. नदीवर जायची ओढ अनावर झालीच, तर एकट्याने न जाता वहिनीला उठवायचे. ही शेवटची सूचना मला सर्वांत शहाणपणाची वाटली, कारण तिने त्याची भीती खोटी ठरवली नाही.

ती खोटी नव्हतीच. याच घराने २०१३च्या दुष्काळात चारा छावणीत जनावरे बांधली आणि २०१६मध्ये शेजारच्या लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी येताना पाहिले. आता त्याच घराचे सोयाबीन मातीसकट वाहून गेले आणि काळ्या रानाच्या जागी मुरूम उघडा पडला. आपण जागचे हललो नाही, तरी आपली जागाच परकी झाल्याच्या दुःखाला ग्लेन आल्ब्रेख्त या ऑस्ट्रेलियन तत्त्वज्ञाने ‘सोलास्टाल्जिया’ असे नाव दिले आहे. दादाला तो शब्द ठाऊक नाही, तो म्हणतो, “रान ओळख देत नाही.” बदलत्या हवामानाला तोंड देताना मानसिक आरोग्याची सोयही करावी, असे जागतिक आरोग्य संघटनेने २०२२मध्येच देशांना सुचवले होते.

फोनवरच्या मदतीला मर्यादा आहेत आणि त्या आधी माहीत असाव्यात. पुरात वीज गेली, मोबाइल बंद पडले की कोणताही क्रमांक लागत नाही. शाळेतल्या निवाऱ्यात चाळीस माणसांदेखत कुणी मन उघडे करत नाही. आम्ही दादाला मोटारसायकलवरून माळावर नेऊन बोलायला लावत असू. खरडलेली जमीनही फोनने भरून येत नाही. म्हणून मला मनापासून वाटते की पंचनाम्याला येणाऱ्या माणसाने नुकसानीच्या रकान्यांबरोबर ‘झोप लागते का’ एवढे विचारावे आणि १४४१६ हा आकडा लिहून द्यावा. ज्यांच्या घरी कुणी असे रात्री उठून बसत असेल, त्यांनी त्या माणसाच्या होकाराची वाट न पाहता आधी स्वतः फोन करावा.

आता पुन्हा मृग तोंडावर आला आहे. दादाची झोप अजून सलग नाही, पण तो नदीवर जात नाही. ‘पुढच्या वेळी आपल्या हातात काय राहील?’ असे त्या बाईंनी एकदा विचारले होते. त्यावर बरेच दिवस विचार करून त्याने गोठ्यातली दावी बदलली. गाठ आता अशी मारतो की मोकळे टोक ओढले की एका हिसक्यात सुटते. परवा त्याने ती धाकट्या पुतण्याला डोळे मिटून सोडायला लावली, तीनदा.