वाटणीचा फतवा, दुकानाची पार्टनरशिप आणि आंब्याची कलमं: दारुल-इफ्ताचा आमचा अनुभव

पाचपैकी चार स्टार. एक का कापला ते पुढे लिहिते.

अब्बांचा इंतकाल (निधन) झाला त्याला दीड वर्ष झालं. मागे अम्मी, दोन भाऊ आणि आम्ही तिघी बहिणी. घर, बाजारातलं हार्डवेअरचं दुकान (चाचांबरोबर पार्टनरशिपमध्ये), थोडं सोनं आणि हापूसची चाळीस-एक कलमं एवढी मालमत्ता. दीड वर्ष कोणी विषयच काढला नाही, कारण आमच्याकडे वाटणी बोलली की लोकांना वाटतं भांडण लागलं. शेवटी धाकट्या भावाने मोबाईलवर मिरासचं (वारसाहक्काच्या हिशोबाचं) एक अॅप टाकलं, बायको किती मुलगे किती मुली किती, अब्बांची आई हयात आहे का, सगळं भरलं आणि उत्तर आलं आठ हिस्से. अम्मीला एक, भावांना दोन-दोन, आम्हाला एक-एक. इतका सरळ हिशोब बघून सगळे खूश, मी पण. तरी थोरली बहीण म्हणाली की एकदा मुफ्तीसाहेबांना (शरियतच्या जाणकारांना) दाखवून घेऊ, आणि बरं झालं तिने हट्ट धरला.

दारुल-इफ्ता म्हणजे जिथे मुफ्ती शरियतप्रमाणे मत, म्हणजे फतवा देतात ती जागा. आमच्याकडे ती तालुक्याच्या जामा मशिदीच्या वर एक खोली, दुपारच्या जोहरच्या नमाजनंतर असरच्या नमाजपर्यंत उघडी. फी नाही. पहिल्या दिवशी दीड तास बसलो कारण आमच्या आधी तलाकचा मसला होता आणि तो लांबला. मुफ्तीसाहेबांनी पहिला प्रश्न विचारला, शाफई का हनफी (शरियतच्या दोन परंपरा)? आम्ही कोकणी, म्हणजे शाफई. मग म्हणाले, "इंतकालाच्या दिवशी कोण कोण हयात होतं ते सांगा. आज कोण आहे ते नंतर."

आणि तिथेच अॅपचा हिशोब गेला. दादी, म्हणजे अब्बांची आई, अब्बांच्या नंतर चार महिन्यांनी वारली. आम्ही अॅपमध्ये भरलं आई हयात नाही, कारण भरताना ती नव्हतीच ना. पण अब्बा गेले त्या क्षणी ती होती, म्हणजे मुलाच्या मालात तिचा सहावा हिस्सा लागलाच, आणि ती गेल्यावर तो हिस्सा तिच्या वारसांकडे जातो. तिचे वारस म्हणजे चाचा आणि दोन फुफ्या (अब्बांच्या बहिणी). आम्ही नातवंडं त्यात नाही, कारण मुलगा हयात असताना नातवंडांना मिळत नाही. मुफ्तीसाहेबांनी पाठकोऱ्या कागदावर पेन्सिलने मांडलं आणि आठाचे झाले १६८ हिस्से: अम्मीचे २१, भावांचे ३४-३४, आम्हा बहिणींचे १७-१७, चाचांचे १४, फुफ्यांचे ७-७. मी घरी येऊन बेरीज केली, बरोबर १६८ येते. सूरह निसाच्या ११ आणि १२ नंबरच्या आयतीत हे हिस्से आहेत हे मदरशात पाठ केलेलं, पण ते असं आपल्या घरावर लागलेलं पहिल्यांदा बघितलं. थोरल्या फुफीला फोन करून सांगितलं तर ती गप्प झाली आणि मग दोनदा विचारलं, माझा हिस्सा? अम्माकडून?

पण हिस्से ही शेवटची पायरी आहे हे पण तिथेच कळलं. आधी कफन-दफनचा खर्च, मग कर्ज, मग वसीयत (मृत्युपत्र) असेल तर जास्तीत जास्त एक तृतीयांशापर्यंत (आणि ती वारसाच्या नावाने केलेली असली तर बाकी वारसांची मर्जी लागते), आणि उरलं ते वाटायचं. कर्ज म्हटल्यावर भाऊ म्हणाला काही नाही, बँकेचं फिटलंय. मुफ्तीसाहेब म्हणाले, "मेहर दिली होती?"

मेहर म्हणजे निकाहात नवऱ्याने बायकोला द्यायचं ठरलेलं धन. अम्मीची मेहर अडीच तोळे सोनं. निकाहनाम्यावर आहे, दिलेली नाही. जनाजा उठायच्या आधी बायकांनी अम्मीला मय्यतीजवळ नेऊन सांगितलेलं की मेहर माफ कर, आणि ती मान हलवून हो म्हणालेली, हे मी स्वतः बघितलंय, तिच्या डोक्यावरून ओढणी सरकत होती आणि कोणीतरी ती सारखी नीट करत होतं. तेव्हा मला त्यात काही चूक वाटली नव्हती, सगळीकडे असंच करतात. मुफ्तीसाहेबांनी अम्मीला दुसऱ्या फेरीला बोलावलं, आणि सरळ विचारलं, खुशीने माफ केली का लोक होते म्हणून? अम्मी बराच वेळ काही बोलली नाही आणि मग म्हणाली, मला तेव्हा काही समजतच नव्हतं. ते म्हणाले मग ते कर्ज आहे, वाटणीच्या आधी अडीच तोळे बाजूला काढा. भाऊ एका शब्दाने काही बोलले नाहीत, त्यांचं कौतुक आहे. या एका प्रश्नासाठी मी ही पोस्ट लिहितेय. आमच्या घरात कोणी तो विचारलाच नसता, जन्मात नाही.

आता दुकान. थोरला भाऊ पंधरा वर्षं अब्बांबरोबर दुकानात, पगार ठरलेला नाही, लागेल तसे पैसे घ्यायचा. त्याला वाटत होतं की अब्बांच्या भागातला अर्धा त्याचाच. मुफ्तीसाहेब म्हणाले काही ठरलं नव्हतं, भांडवल तुझं नव्हतं, तर तू मदतनीस होतास, भागीदार नाही, अब्बांचा सगळा भाग तर्क्यात (वाटायच्या मालमत्तेत) येतो. बाकीच्यांनी राजीखुशीने त्याला जास्त दिलं तर ती वेगळी गोष्ट. भावाला हे लागलं आणि मला पण त्याच्यासाठी वाईट वाटलं, पंधरा वर्षं कमी नाहीत. म्हणून ज्यांची मुलं दुकानात बसतात त्यांनी आजच ठरवा, पगार का भागीदारी, आणि कागदावर लिहा. चाचांबरोबरच्या पार्टनरशिपचं पण असंच निघालं. शाफईत नफा आणि नुकसान दोन्ही भांडवलाच्या प्रमाणात, हनफीत नफ्याचा रेशो आपसात वेगळा ठरवता येतो, नुकसान मात्र भांडवलाप्रमाणेच. आमच्याकडे लावलेले पैसे एक आणि नफ्याची वाटणी भलतीच चाललेली. सुरुवातीला मस्लक (शाफई का हनफी) का विचारला ते तेव्हा कळलं.

कलमांचं ऐकून चाचा पण गार झाले. आमच्याकडे मोहोर आला की व्यापारी येतो, झाडं बघतो, एकरकमी पैसे देतो, कधी तीन वर्षांचा करार एकदम. मुफ्तीसाहेब म्हणाले जे फळ अजून आलंच नाही ते विकायचं कसं? फळ तयार व्हायला लागल्याचं दिसेपर्यंत विकू नका अशी हदीस (पैगंबरांचं वचन) आहे, आणि पुढच्या वर्षांचं पीक आत्ताच विकायला पण मनाई आहे. कारण तुम्हाला माहितीच आहे, अवकाळी पाऊस आला, तुडतुडे पडले की मोहोर काळा पडतो आणि व्यापाऱ्याचे पैसे बुडतात, नाहीतर पीक भरघोस आलं तर मालक हळहळतो. मग करायचं काय? कैरी लोणच्यासाठी लगेच उतरवायच्या अटीवर विकता येते, बाकी आंबा तयार झाल्यावर सौदा करा. चाचा म्हणाले फवारणीचा खर्च तोवर कोण करणार, आणि खरं सांगायचं तर त्याला तिथे पुरेसं उत्तर मिळालं नाही. फवारणीचे पैसे व्यापारीच घालतो, सगळं कोकण तसंच चालतं, त्यावर अजून बसून बोलायला हवं होतं.

आता कापलेला स्टार. फतवा मिळाला तो उर्दूत, मध्ये अरबी मजकूर, खाली सही-शिक्का. आम्ही पाची भावंडं मराठी मीडियमची, अम्मीने वाचून दाखवला तेव्हा कळला. तोंडी सगळं मराठीत छान समजावलं मग कागद का नाही? दुसरं, सातबाऱ्याबद्दल "ते वकिलाला विचारा" एवढंच. वकिलाने सांगितलं की १९३७ च्या शरियत अॅक्टमध्ये शेतजमीन वगळलेली आहे, म्हणजे कलमांच्या जमिनीचं वेगळं बघावं लागेल. फतवा हा कोर्टाचा आदेश नाही, सुप्रीम कोर्टाने २०१४ मध्येच सांगितलंय की तो कोणावर कायद्याने बंधनकारक नाही, त्यामुळे तलाठ्याला तो दाखवून फेरफार होत नसतो. हे दोन वाक्यांत तिथेच सांगितलं असतं तर आमची एक फेरी वाचली असती.

आणि बहिणींसाठी. धाकटी तिथे म्हणाली मला काही नको, माझा हिस्सा भावांना. मुफ्तीसाहेब म्हणाले नुसतं "नको" म्हटल्याने तुझा हक्क जात नाही, आधी हातात घे, नावावर होऊ दे, मग महिन्याने पण वाटलं तर दे, ती भेट होईल. हक्कसोड पत्रावर सही करायला घाई करू नकोस. तिने अजून दिलेला नाही.

जाणार असाल तर सोमवार-मंगळवार गर्दी कमी असते. निकाहनामा, दुकानाचे कागद, कर्जाची यादी न्या, अम्मीला पहिल्याच दिवशी बरोबर न्या. आणि मय्यतीच्या दिवशी घरातलं कोण कोण हयात होतं ते घरूनच कागदावर लिहून न्या.