पाचव्या मुरादचे वीस कुरुश: साल नव्हे, तुघरा वाचून घ्यावे असे नाणे

ऑटोमन नाण्यावर १२९३ हे हिजरी साल दिसले की ते बहुधा दुसऱ्या अब्दुल हमीदचे निघते. या नाण्यांवर पाडल्याचे साल नसून सुलतान गादीवर आल्याचे साल असते आणि राज्यारोहणापासूनचे वर्ष तुघऱ्याखाली, म्हणजे सुलतानाच्या नावाच्या नक्षीदार अक्षरमुद्रेखाली, वेगळे दिलेले असते. आपल्याकडच्या मुघल रुपयांवरचे जुलूस वर्ष ज्यांच्या ओळखीचे आहे, त्यांना ही पद्धत लगेच उमगेल. अब्दुल हमीद १८७६ ते १९०९ एवढा काळ गादीवर असल्याने १२९३ची नाणी उदंड आहेत. मात्र त्याच सालात, त्याच्या आधी ९३ दिवस, त्याचा थोरला सावत्र भाऊ पाचवा मुराद सुलतान होता, आणि मी एका परदेशी विक्रेत्याकडून मागवलेले चांदीचे वीस कुरुश त्याचे आहे.

नाणे हाती येताच प्रथम भिंगाखाली तुघरा धरला. दोन्ही भावांच्या नाण्यांवर साल १२९३, वर्ष १ आणि वडिलांचे नाव अब्दुल मजीद हे सारखेच असू शकते, तेव्हा निवाडा करायचा तो केवळ सुलतानाच्या स्वतःच्या नावावरून. तुघऱ्याच्या तळाशी एकमेकांवर रचलेल्या अक्षरांच्या गुंत्यात ‘मुराद’ची मीम, रे, अलिफ, दाल ही अक्षरे सापडायला मला चांगली दहा मिनिटे लागली. विक्रेत्याने छायाचित्र नेमके याच भागावर प्रकाश चकाकेल असे काढले होते, आणि एवढी किंमत मागणाऱ्याकडून ही ढिलाई मला खटकली.

मागच्या बाजूस ‘कोस्तंतिनिये (म्हणजे इस्तंबूल) येथे पाडले’ हा मजकूर स्वच्छ वाचता येतो. अब्दुल मजीदच्या १८४४च्या चलनसुधारणेने ठरवलेले वीस कुरुशाचे, म्हणजे मजीदियेचे, प्रमाण २४.०५ ग्रॅम वजन आणि ८३० शुद्धतेची (हजारात ८३० भाग) चांदी असे होते. माझे नाणे २३.८ ग्रॅम भरले, आणि वापरातल्या नाण्याच्या मानाने ही झीज अगदी मामुली आहे.

ज्याच्या नावाने ते पडले, त्याची कथा मात्र करुण आहे. साम्राज्याची कर्जफेड १८७५मध्ये कोलमडली, ३० मे १८७६ रोजी मिधात पाशा, हुसेन अवनी पाशा आदी मंत्र्यांनी मुरादचा काका सुलतान अब्दुल अझीझला पदच्युत करून मुरादला गादीवर बसवले आणि काही दिवसांतच अब्दुल अझीझ मृतावस्थेत सापडला. मुरादचे मानसिक स्वास्थ्य ढासळले, राज्याभिषेकासारखा मानला जाणारा, उस्मानची तलवार कमरेला बांधण्याचा विधीही होऊ शकला नाही, आणि ३१ ऑगस्टला त्यालाही उतरवण्यात आले. पुढे १९०४मध्ये मृत्यू येईपर्यंत तो चिराआन राजवाड्यात नजरकैदेत होता, आणि बाहेर टांकसाळीत भावाचा तुघरा असलेली, पण तेच १२९३ मिरवणारी नाणी पडत होती.

आता तक्रारीविषयी. वर्णनात ‘मूळ चमक’ असे लिहिले होते. प्रत्यक्षात नाणे तिरपे धरले की मोकळ्या पृष्ठभागावर एकाच दिशेने गेलेले बारीक ओरखडे दिसतात, म्हणजे कोणीतरी ते घासून उजळले आहे. अस्सलपणाबद्दल मला शंका नाही, म्हणून ते परत पाठवले नाही. पण घासलेल्या नाण्याला न घासलेल्याचा भाव लावणे गैर आहे, आणि तसे कळवल्यावर विक्रेत्याने रकमेचा काही भाग मुकाट्याने परत केला. त्याच्या यादीत त्या नाण्यापुढे ‘विकले गेले’ अशी नोंद आली आहे. ‘मूळ चमक’ हे शब्द तिथे अजून तसेच आहेत.