ब्युटी अकॅडमीचा सहा महिन्यांचा कोर्स केला, पैसे वसूल झाले का?

मला ओळखीतल्या चार-पाच जणींनी तरी विचारलंय की ताई तू केलेला कोर्स करू का, म्हणून एकदाच सगळं लिहून टाकते. अकॅडमीचं नाव लिहीत नाही, नाशिकमधली आहे, ब्रँडेड आहे, एसी आहे, रिसेप्शनला गेल्या गेल्या कॉफी देतात एवढं पुरे.

मी आधी एका सीएच्या ऑफिसात टॅलीवर बसायचे, १३ हजार पगार. त्यामुळे हिशोब करायची खोड आहे, पण अॅडमिशन घेताना नेमका तोच केला नाही. २०२२ च्या जूनला जॉइन झाले. फी सांगितली १ लाख १० हजार, आणि फॉर्म भरताना कळलं की त्यावर १८ टक्के जीएसटी, म्हणजे १,२९,८००. किट फ्री म्हणाले होते, ते खरंच दिलं, पण त्यातलं फाउंडेशन आणि वॅक्स तिसऱ्या महिन्यात संपलं आणि पुढचं सगळं स्वतःच्या खिशातून, १४ हजार गेले. ब्रायडलच्या प्रॅक्टिसला मॉडेल आपणच आणायची, तिचा शालू-दागिने भाड्याने, फोटोग्राफर, हे ६ हजार. पेट्रोल ९ हजार. झाले १,५८,८००. आणि जी गोष्ट कुणीच धरत नाही ती म्हणजे सोडलेला पगार, सहा महिन्यांचे ७८ हजार. म्हणजे कोर्स मला पडला २,३६,८०० ला, ब्रोशरवर १,१०,००० लिहिलेलं होतं.

ईएमआयबद्दल वेगळं सांगते कारण त्यात माझ्या बॅचची एक मुलगी अडकली. नो कॉस्ट ईएमआय म्हणजे अकॅडमीला आपण हप्त्याने देतोय असं वाटतं, तसं नसतं. फायनान्स कंपनी अकॅडमीला सगळे पैसे आधीच देऊन मोकळी होते आणि कर्ज आपल्या नावावर. ती दुसऱ्या महिन्यात घरच्या अडचणीमुळे सोडून गेली तरी हप्ते चालूच, भरले नाहीत तर सिबिल खराब. रिफंडची अट सही करायच्या आधी वाचा, सरांच्या गोड बोलण्यावर जाऊ नका.

आता शिकवलं कसं. स्किनचा भाग एक नंबर, खोटं कशाला बोलू. पॅच टेस्ट (आधी थोड्याशा जागेवर लावून बघणं) का करायची, कुणाला ब्लीच अजिबात लावायचं नाही, डेव्हलपर (केसांच्या रंगात मिसळतात ते) २० व्हॉल्यूम म्हणजे ६ टक्के पेरॉक्साइड आणि ४० म्हणजे १२, ते कुठे वापरायचं आणि कुठे हात लावायचा नाही, हे गल्लीतल्या पार्लरमध्ये मला कुणी सांगितलं नसतं. थ्रेडिंगच्या मॅडम तर कमाल, पहिले पंधरा दिवस स्वतःच्याच पायाच्या केसांवर दोरा फिरवायला लावला, पोटरी लालभडक व्हायची पण हात बसला.

मेकअपमध्ये मात्र घोळ. सगळा सिलॅबस लेहेंगा, स्मोकी आय आणि दुपट्टा सेटिंगचा. अहो नाशिकमध्ये माझ्याकडे येणाऱ्या नवरीमुलींना पाहिजे नऊवारी, खोपा, चंद्रकोर, नथ सरळ बसली पाहिजे आणि मुंडावळ्या बांधल्यावर बेस (मेकअपचा खालचा थर) निघाला नाही पाहिजे! नऊवारी नेसवायचा एकच क्लास झाला, तोही दीड तासाचा. शेवटी मी आमच्या आत्यांकडून शिकले, फुकट. आणि बेस दोन शेड उजळ लावायची सवय लावली तिथे, सावळ्या मुलीचा चेहरा फोटोत राखाडी दिसतो, हे मला पहिल्या ऑर्डरला कळलं. नवरीची आई काही बोलली नाही, नुसती बघत राहिली, त्यापेक्षा शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

शंभर टक्के प्लेसमेंटचा अर्थ असा की त्यांनी सलूनचा नंबर दिला. ९ हजार पगार, सकाळी १० ते रात्री ८, वर शाम्पू-सीरम विकायचं टार्गेट, ते झालं तरच इन्सेंटिव्ह. सात महिने केलं. पण खरं सांगू का, स्पीड तिथेच आला. शनिवारी वीस-वीस आयब्रो केल्यावर जो हात येतो तो डमीवर येत नाही.

मग २०२३ च्या जुलैत घरातच पुढच्या खोलीत पार्लर टाकलं. खुर्ची, बेड, आरसा, स्टीमर, वॅक्स हीटर मिळून ३८ हजार, शिशू मुद्रा लोन काढलं (त्यात ५० हजारांपर्यंत मिळतं). सर्टिफिकेट आजवर एकदाच दाखवलंय, बँकेतल्या साहेबांना. गिऱ्हाईक विचारत नाही, ते विचारतं "अगं आयब्रोच करायच्यात, त्याचे चाळीस?" आपल्याकडे पार्लर चालवायला कोर्स केल्याची सरकारी परीक्षा द्यावी लागतच नाही. अमेरिकेत उलट आहे, कॅलिफोर्नियात शेकडो तासांचं ट्रेनिंग आणि परीक्षा झाल्याशिवाय कुणाच्या केसाला कात्री लावता येत नाही, म्हणून तिथे कोर्सची फी म्हणजे धंद्यात शिरायचं तिकीट. इथे तसं काही नाही, इथे फी फक्त शिकण्याची, मग शिकवलं किती तेच बघायचं.

कमाई पंचांगावर चालते. तुळशीचं लग्न झालं की फोन सुरू, पौषात जरा थंड, मग मेपर्यंत पळापळ. चांगल्या महिन्यात सामान, लाइटबिल जाऊन ३० हजार राहिलेत, आषाढात साडेसात. मध्ये श्रावण, हरतालिका, गौरी-गणपतीला थ्रेडिंग-क्लीनअपची गर्दी, पितृपक्षात पुन्हा माशा मारा. पहिल्या वर्षी महिन्याला सरासरी १२ हजार सुटले, म्हणजे टॅलीपेक्षा हजाराने कमी, दुसऱ्या वर्षी १९. जुन्या पगारापेक्षा ६ हजार जास्त. कोर्स आणि सेटअप मिळून २,७४,८००, भागा सहा हजारांनी, ४६ महिने. आणि सलूनमधल्या कमी पगाराचा खड्डा यात धरलेला नाही.

पुन्हा करायचं असतं तर? दिवसभर जायची सोय असेल तर आधी आयटीआय बघितलं असतं. कॉस्मेटॉलॉजीचा एक वर्षाचा ट्रेड आहे, दहावी पास लागते, सरकारीत फी खूपच कमी, फक्त अॅडमिशन वर्षातून एकदा. माझी मुलगी तेव्हा तीन वर्षांची होती, वर्षभर जमलं नसतं. नाहीतर चालत्या पार्लरमध्ये सहा महिने हाताखाली आणि मग फक्त ब्रायडलचा छोटा कोर्स. ज्यांना क्रूझवर किंवा परदेशी स्पात जायचंय त्यांची गोष्ट वेगळी, तिथे सिडेस्कोसारखा डिप्लोमा विचारतात, ती झुरिचची संस्था आहे (आमच्या सासूबाईंना वाटलं आपल्या नाशिकच्या सिडकोतच आहे, रिक्षाने जाता येईल).

अकॅडमीला पाचपैकी तीन स्टार, त्यातला दीड थ्रेडिंगच्या मॅडमचा. चौकशीला गेलात तर डेमो बघू नका, चालू बॅचच्या मुलींना बाहेर चहाच्या टपरीवर गाठा आणि विचारा की या आठवड्यात खऱ्या माणसावर किती वेळा हात चालवला. मला काही विचारायचं असेल तर तुळशीच्या लग्नाआधी विचारा, नंतर मी फोन उचलत नाही.