जॉर्जेट हेयरचं ‘अ सिव्हिल काँट्रॅक्ट’: मिंध्या जावयाची गोष्ट

जॉर्जेट हेयर ही जुन्या काळातल्या प्रेमकथा लिहिणारी इंग्रज लेखिका. परवा तिचं हे पुस्तक दुसऱ्यांदा वाचून झालं आणि आता लिहिल्याशिवाय राहवत नाहीये, कारण ज्यांनी ज्यांनी मला सांगितलं होतं की हे हेयरचं सगळ्यात बोअर पुस्तक आहे, यात रोमान्सच नाही, त्यांचं मला अजिबात पटलेलं नाही.

गोष्ट सुरू होते १८१४ च्या इंग्लंडमध्ये. ॲडम डेव्हरिल स्पेनच्या युद्धात जखमी झालेला, पाय कायमचा लंगडा, वडील अचानक गेले म्हणून लष्कर सोडून घरी येतो आणि बघतो तर काय, लॉर्ड ही पदवी मिळाली पण त्याच्याबरोबर डोक्यावर कर्जाचा डोंगर, लिंकनशायरमधलं फाँटली हे पिढीजात घर गहाण, आणि घरात आई आणि बहिणी. प्रेम ज्युलियावर, जी दिसायला अगदी परी, पण आता तिला मागणी घालायची कुठल्या तोंडाने? मग ज्युलियाचेच वडील त्याला सुचवतात की बाबा रे, चॉली नावाचा एक गडगंज व्यापारी आहे, त्याला मुलीसाठी खानदानी घर हवंय. ही मुलगी म्हणजे जेनी, ज्युलियाची शाळेतली मैत्रीण, गुटगुटीत, साधी, कमी बोलणारी. आणि लग्न होतं! त्या काळी तिकडे घटस्फोट घ्यायचा तर पार्लमेंटकडून स्वतंत्र कायदा पास करून घ्यावा लागायचा, १८५७ पर्यंत हेच चालू होतं, म्हणजे एकदा लग्न झालं की सुटका नाही, हे डोक्यात ठेवून वाचलं तर ॲडमची घुसमट जास्त कळते.

मला यातलं सगळ्यात जास्त काय आवडलं तर नवरा बायकोपेक्षा सासरा आणि जावई. चॉली मोठ्या आवाजाचा, दांडगा माणूस, मनात आलं की महागडी वस्तू घेऊन हजर, लंडनचं घर तर त्याने असं सजवून दिलंय की ॲडमला त्यात बसवत नाही. आणि बोलायची सोय नाही, कारण पैसा त्याचा. मिंधेपणा म्हणतात तो हाच. आपल्याकडे सासरच्या पैशावर उभ्या राहिलेल्या घरातला जावई ज्यांनी जवळून बघितलाय त्यांना हे वेगळं समजावून सांगायची गरज नाही. पण हेयरने चॉलीला नुसता पैशाचा माजोरी केलेला नाही, ह्याच माणसाला चिनी मातीच्या नाजूक भांड्यांचं वेड आहे आणि त्यातलं त्याला खरंच कळतं, आणि मुलीवर तर जीव ओवाळून टाकतो. मला तर ॲडमपेक्षा त्याचाच लळा लागला.

जेनी आधीपासून ॲडमवर प्रेम करत असते आणि ते कुणाला कळूही देत नाही. एका समारंभात ॲडमला बघून ज्युलिया सगळ्यांदेखत चक्कर येऊन पडते तेव्हा प्रसंग सांभाळून घेते कोण, तर जेनीच! एरवी नवऱ्याला खायला काय आवडतं, कुठल्या वेळी त्याला एकटं सोडायचं हे ती मुकाट शिकत जाते. लग्नानंतर प्रेम असंच रुजतं, हळूहळू, आणि हेयरला ते घाईत उरकावंसं वाटलं नाही यासाठी मी तिला पूर्ण मार्क देते.

आणि शेवटाकडचा वॉटर्लूचा भाग!! जून १८१५, लंडनमध्ये अफवा की इंग्रजांचा सेनापती वेलिंग्टन नेपोलियनकडून हरला, सरकारी रोखे धडाधड पडतायत, चॉलीसारखा मुरलेला व्यापारी हादरलाय आणि जावयाला सांगतोय वीक, सगळं वीक. ॲडम वेलिंग्टनच्या हाताखाली लढलेला, त्याला माहितीय तो माणूस काय आहे, म्हणून तो उलटं जाऊन विकत घेतो. लढाई झाली १८ जूनला आणि खात्रीची बातमी लंडनला पोचली २१ च्या रात्री, मधले ते तास वाचताना मी अक्षरशः उठून फेऱ्या मारत होते. निकाल इतिहासात दिलेला आहे, तरी! कारण इथे पणाला त्याची मान लागलेली असते, सासऱ्याच्या नजरेला नजर भिडवायची एकमेव संधी.

आता खटकलेलं. ज्युलियाला लेखिकेने जरा जास्तच रडूबाई केलंय, तिचंही प्रेम तुटलंय ना, तिला थोडी माया मिळायला हवी होती. सुरुवातीची पन्नासेक पानं इंग्रजी जड जातं, त्या काळची बोली, सैनिकांचे शब्द, धीर धरा. शेतीची वर्णनं बरेच जण गाळतात, प्लीज गाळू नका, ॲडम पहिल्यांदा मनापासून खूश दिसतो तो शेतीबद्दल बोलतानाच.

मी ऑनलाइन मागवलेल्या पेपरबॅकचं बाइंडिंग दुसऱ्या वाचनातच सुटलं, अक्षरही बारीक आहे, त्यामुळे डोळ्यांना त्रास होत असेल तर सरळ ईबुक घ्या. माझी सुटी झालेली पानं दोरा घालून शिवून घेतलीयत, आता बहिणीकडे वाचायला गेलंय.