कॉमेडी शॉर्टफिल्म एडिट करायला फ्री डाविंची रिझॉल्व्ह : बराच वापरून झाल्यावरचा रिव्ह्यू

रिझॉल्व्हबद्दल कुठेही वाचायला जा, पहिल्या ओळीपासून कलर ग्रेडिंग, म्हणजे चित्राचे रंग नीट करणं, सुरू होतं. ते खरंय, कारण हे सॉफ्टवेअर मुळात कलरसाठीच बनलेलं, मोठ्या स्टुडिओंच्या महागड्या मशीनवर चालणारं, मग २००९ मध्ये ब्लॅकमॅजिक डिझाइनने ते बनवणारी कंपनी विकत घेतली आणि २०११ मध्ये फुकट व्हर्जन आणलं. पण आपण हौशी लोक, मित्रमंडळींना घेऊन पाच-सात मिनिटांची विनोदी फिल्म करणारे, आपल्याला कलरची गरज सगळ्यात शेवटी लागते. लोक हसले पाहिजेत, बस. आणि माझं स्पष्ट मत आहे की हसवायच्या कामासाठी फुकटात याच्याइतकं चांगलं दुसरं काही नाही, फक्त ते ज्या कारणांसाठी चांगलंय ती कारणं कोणी सांगतच नाही म्हणून हे लिहितोय.

पहिलं कारण ट्रिम, म्हणजे शॉट कुठे सुरू होतो, कुठे संपतो ते बारीक छाटणं. कॉमेडीत सगळा खेळ फ्रेमचा असतो. सेकंदाला २५ फ्रेमच्या टाइमलाइनवर एक फ्रेम म्हणजे ४० मिलिसेकंद, ऐकायला काहीच नाही, पण पंचच्या आधीचा पॉज सहा फ्रेमने वाढवला की तोच डायलॉग वेगळा वाटतो हे ज्याने करून बघितलंय त्याला विचारा. रिझॉल्व्हच्या एडिट पेजवर 'टी' दाबून ट्रिम मोडमध्ये जायचं, कट सिलेक्ट करायचा आणि कॉमा किंवा फुलस्टॉप दाबत राहायचं, एकेक फ्रेम मागे-पुढे होते आणि पुढची सगळी फिल्म आपोआप सरकते, मध्ये भोक पडत नाही. माउसला हातच लावायचा नाही. दाबायचं, प्ले करायचं, परत दाबायचं.

आमच्या एका फिल्ममधला सीन सांगतो म्हणजे कळेल. एकजण कपाटात लपलाय, बाहेरचा मित्र घरमालकासमोर उभा राहून शपथेवर सांगतोय की तो गावाला गेलाय, घरमालक शांतपणे खिशातून फोन काढून नंबर लावतो आणि कपाटातून रिंगटोन वाजते. कागदावर हा जोक एवढाच. पण नंबर लावल्यावर रिंगटोन लगेच आली तर लोक नुसतं स्मित करतात, कारण त्यांना 'अरे आता वाजणार' हे कळायला वेळच मिळत नाही. मित्राच्या चेहऱ्यावर १४ फ्रेम जास्त थांबलो, त्याचे डोळे कपाटाकडे वळून परत येईपर्यंत, आणि मग रिंगटोन सोडली. खोलीतले लोक रिंगटोनच्या आधीच हसायला लागले. या १४ फ्रेम शोधायला जे सॉफ्टवेअर तुम्हाला प्रत्येक वेळी माउसने क्लिप ओढायला लावतं त्यात जीव जातो.

दुसरी गोष्ट म्हणजे टेक सिलेक्टर, आणि हा फारसा कोणी वापरत नाही याचं मला खरंच वाईट वाटतं. टेक म्हणजे तोच शॉट परत परत शूट करणं, आणि हौशी कलाकार प्रत्येक टेकला वेगळं काहीतरी करतो, कधी डायलॉग चुकतो पण चेहरा जबरदस्त असतो. टाइमलाइनवरच्या क्लिपवर राइट क्लिक करून टेक सिलेक्टर उघडायचा, बाकीचे टेक त्यावर टाकायचे, मग एका क्लिकवर टेक बदलून सीनमध्ये बसवून बघता येतो. टेकची लांबी वेगवेगळी असेल तर रिपल टेक चालू ठेवा, पुढचं सगळं त्याप्रमाणे सरकतं. कोणता टेक जास्त हसवतो हे सुटा टेक बघून कधीच कळत नाही, आधीच्या आणि नंतरच्या शॉटच्या मध्ये तो बसला की कळतं.

आता फीडबॅक. याबद्दल मला सगळ्यात जास्त बोलायचंय.

मित्रांना लिंक पाठवली की काय उत्तर येतं माहितीये सगळ्यांना, 'भारी झालीये रे', 'मस्त', दोन स्मायली. त्याने एडिट सुधारत नाही. माझ्या मते कॉमेडीला मत विचारायचंच नसतं, हसू मोजायचं असतं. आणि ही काही माझी अक्कल नाही, जुन्या लोकांनी हेच केलंय, मार्क्स बंधू या अमेरिकन विनोदी नटांनी १९३५ च्या 'अ नाइट ॲट द ऑपेरा'मधले प्रसंग शूटिंगच्या आधी स्टेजवर लोकांसमोर करून बघितले, कुठे किती हशा येतो, किती वेळ टिकतो ते बघून पडद्यावर तेवढी जागा सोडली. आपल्याकडे तेवढं मोठं काही नसेल, पण आठ-दहा लोक आणि एक फोन तर आहे ना.

मी काय करतो, रफ कट, म्हणजे कच्चा एडिट, एक्सपोर्ट करताना फिल्मच्या अगदी सुरुवातीला एका फ्रेमची बीप टाकतो. लोकांना एका खोलीत बसवून फिल्म दाखवायची, शक्यतो ज्यांनी स्क्रिप्ट वाचलेली नाही असे लोक, आणि फोन रेकॉर्डिंगला लावून स्क्रीनपासून लांब, लोकांच्या जवळ ठेवायचा (रेकॉर्ड करतोय हे त्यांना आधी सांगा, नंतर विसरतात ते). घरी येऊन ते रेकॉर्डिंग रिझॉल्व्हमध्ये फिल्मच्या खाली वेगळ्या ऑडिओ ट्रॅकवर टाकायचं, बीपला बीप जुळवायची, झालं. आता तुमच्या फिल्मच्या खाली लोकांचं हसू वेव्हफॉर्म, म्हणजे आवाजाचा आलेख, म्हणून दिसतं! कुठे डोंगर आहे, कुठे सपाट आहे, कुठे एकच जण खुदकन हसला, सगळं फ्रेमला फ्रेम लागून.

कपाटाच्या सीनमध्ये यातूनच कळलं की रिंगटोनवरचं हसू जवळपास तीन सेकंद चाललं आणि घरमालकाचा पुढचा डायलॉग, जो खरंतर सीनचा मोठा पंच होता, तो त्या हशात पूर्ण गाडला गेला. तो डायलॉग कमजोर आहे, काढून टाक असं बघणाऱ्यांपैकी दोघांनी सांगितलं होतं. त्यांनी तो ऐकलाच नव्हता! मध्ये मित्राचा एक डायलॉग नसलेला शॉट टाकला, रिंगटोन वाजतेय आणि तो खिशातून स्वतःचा फोन काढून कानाला लावतो, आणि डायलॉग त्याच्या पलीकडे ढकलला. पुढच्या वेळी दोन्ही ठिकाणी हसले लोक. फक्त शॉट लांबवला की त्याखाली खोलीचा शांत आवाज भरायला विसरू नका, नाहीतर एकदम आवाज बंद पडल्यासारखं होतं, शूटच्या वेळी अर्धा मिनिट सगळ्यांना गप्प करून तो रेकॉर्ड करून ठेवलेला असला की इथे कामाला येतो.

मार्करचं पण सांगतो. प्ले चालू असताना 'एम' दाबलं की मार्कर पडतो, त्याला रंग देता येतो, नोट लिहिता येते. हसले तिथे हिरवा, हसायला हवे होते पण गप्प राहिले तिथे लाल, कळलं नाही म्हणाले तिथे पिवळा, अशी सवय लावून घ्या. इंडेक्समध्ये सगळ्या मार्करची यादी येते, रंगाप्रमाणे गाळता येते, म्हणजे लाल तेवढे काढून एकेक करून सोडवत बसायचं. बाहेर कागदावर लिहिलेल्या नोट्स आणि टाइमलाइनवर चिकटलेल्या नोट्स यात खूप फरक पडतो, कारण शॉट सरकला तरी क्लिपवर टाकलेला मार्कर त्याच्याबरोबरच सरकतो.

सबटायटलचा ट्रॅक फ्री व्हर्जनमध्ये आहे, सबटायटलची वेगळी एसआरटी फाइल पण निघते. इथे कॉमेडीवाल्यांना एक कळकळीची विनंती, पूर्ण वाक्य एकाच वेळी दाखवू नका. कलाकार बोलायच्या आधीच लोक पंच वाचून मोकळे होतात. वाक्य तोडा, पंचचा तुकडा तोंडातून शब्द निघेल त्याच फ्रेमवर आणा. हाताने करावं लागतं, कारण बोलण्यावरून आपोआप सबटायटल बनवायची सोय पेड स्टुडिओ व्हर्जनमध्येच आहे. तसंच व्हॉइस आयसोलेशन (गोंगाटातून बोलणं वेगळं काढणं) आणि व्हिडिओची नॉइज रिडक्शन (चित्रातले दाणे कमी करणं) पण स्टुडिओमध्येच. अंधारात शूट करणाऱ्यांना हे खटकेल, कॉमेडी मात्र उजेडातच शूट करा असं मी म्हणेन, चेहरा दिसला नाही तर हसणार कशावर. वॉटरमार्क फ्रीमध्येही येत नाही आणि ३८४० बाय २१६० पर्यंत ६० फ्रेमने एक्सपोर्ट होतं, हौशी फिल्मला याच्यावर काही लागत नाही.

त्रास कुठे होतो तेही ऐका. जुन्या लॅपटॉपवर हे चालवायचा हट्ट करू नका, १६ जीबी रॅम तरी हवी, फ्युजन हा इफेक्ट्सचा भाग वापरणार असाल तर ३२, आणि ग्राफिक्स कार्ड बऱ्यापैकी लागतं. मशीन दमत असेल तर आधी प्रॉक्सी, म्हणजे क्लिपच्या हलक्या कॉपी, बनवून घ्या, कारण अडखळत चालणाऱ्या टाइमलाइनवर टायमिंग ठरवणं अशक्य आहे, जो पॉज तुम्हाला बरोबर वाटतोय तो खरा पॉज नसतोच. लिनक्सवर फ्री व्हर्जन एच२६४ (व्हिडिओचा नेहमीचा फॉरमॅट) फाइल घेत नाही, तिथे आधी कन्व्हर्ट करावं लागतं.

फोनवर शूट करणाऱ्यांसाठी अजून एक, बरेच फोन फ्रेमरेट कमी-जास्त करत रेकॉर्ड करतात आणि मग आवाज आणि ओठ हळूहळू वेगळे व्हायला लागतात. हँडब्रेक या कन्व्हर्ट करायच्या सॉफ्टवेअरमधून कॉन्स्टंट, म्हणजे एकसारख्या, फ्रेमरेटला काढून मगच आत आणा. आणि प्रोजेक्टचा फ्रेमरेट पहिली क्लिप आणायच्या आधीच ठरवा, नंतर तो बदलता येत नाही.

शिकायला अवघड आहे का, तर पहिल्यांदा उघडल्यावर घाबरायला होतं एवढं नक्की. खाली पेजेसची रांग असते, त्यातलं फ्युजन आणि कलर सुरुवातीला उघडूच नका. एडिट, थोडं फेअरलाइट आवाजासाठी, आणि एक्सपोर्टसाठी डिलिव्हर, एवढ्यावर पूर्ण कॉमेडी फिल्म होते. कट पेज झटपट कामासाठी चांगलंय पण बारीक टायमिंगला मला एडिट पेजच बरं वाटतं.

लांबच्या लोकांना दाखवायचं असेल तर मी यूट्यूबवर अनलिस्टेड (लिंक असलेल्यालाच दिसेल असं) टाकून लिंक देतो, पण बघणारे मोजके असतात तेव्हा लोकांनी कुठपर्यंत बघितलं ते दाखवणाऱ्या तिथल्या ग्राफवरून काही ठरवू नये. त्यापेक्षा एखाद्या मैत्रिणीला व्हिडिओ कॉलवर घेऊन तिच्या स्क्रीनवर फिल्म चालू असताना तिचा चेहरा बघा, कुठे ओठ हलले ते मार्करने नोंदवा, हे कितीतरी पटीने कामाचं.

आणि प्रत्येक वेळी लोकांना दाखवून आल्यावर टाइमलाइन डुप्लिकेट करून नवीन कॉपीवरच काम करा, जुनी हशाच्या ट्रॅकसकट तशीच ठेवा. पुढचा ग्रुप नवा असेल, त्यांचं रेकॉर्डिंग नव्या कॉपीखाली टाकलं की कोणता बदल चालला आणि कोणता नाही हे दोन टाइमलाइन शेजारी ठेवून बघता येतं, वाद घालायची गरजच पडत नाही.