बाळाच्या पलंगाला कोणते पॉलिश: जवसाचे तेल, पाण्यातले पीयू की चपडा?

मेलामाइन या लाकडी पॉलिशमधून फॉर्माल्डिहाइड हा अपायकारक वायू बाहेर पडत राहतो, त्यामुळे घरी बनवलेल्या बाळाच्या पलंगासाठी ते बादच समजावे. रंग द्यायचा असल्यास शिशाची ९० पीपीएमची (दहा लाख भागांत ९० भाग) मर्यादा नोव्हेंबर २०१७ पासून लागू आहे, तरीही डब्यावर तसा उल्लेख पाहूनच घ्यावा. लाकूड उघडे ठेवायचे असेल, तर माझ्या मते खरी निवड तीन पर्यायांतच उरते.

जवसाच्या तेलाने सागवानाच्या रेषा सुरेख खुलतात. मात्र कच्चे तेल वाळायला आठवडे घेते आणि दमट हवेत त्यावर बुरशी धरते. लवकर वाळणाऱ्या ‘डबल बॉईल्ड’ तेलात बहुधा धातूंचे क्षार मिसळलेले असतात. तेलाची फडकी चुरगळून ठेवल्यास आपोआप पेटू शकतात, हे वेगळेच.

पाण्यातले पीयू, म्हणजे पाण्यात मिसळलेले पॉलियुरेथेनचे वार्निश, कागदावर सर्वांत सरस ठरते, आणि पूर्ण मुरल्यावर ते निर्धोक मानायला हरकत नसावी. आमच्या पलंगाला प्रथम तेच लावले होते. पुढे दात येऊ लागले, बाळ कठड्याची वरची कड चावू लागले आणि त्या जागी पीयूचे नखाएवढे पारदर्शक पापुद्रे सुटू लागले. तेवढ्याच जागी पुन्हा हात मारला, तर जोड स्पष्ट दिसतो. तो घालवायचा म्हणजे संपूर्ण कठडा पॉलिश पेपरने घासायचा, आणि तोही बाळ झोपते त्याच खोलीत. माझ्यापुरता निर्णय तिथेच झाला.

चपडा म्हणजे लाखच, ती स्पिरिटमध्ये विरघळवून लावतात; गोळ्यांवर आणि गोड खाऊवरही तिचा मुलामा देतात. स्पिरिट उडून गेले की मागे फक्त लाख राहते, आणि नवा हात जुन्या थरात विरघळून एकजीव होतो. त्यामुळे दातांच्या खुणांवरून बोळा फिरवला की कड पुन्हा सलग दिसते, फार तर हाताला किंचित खळगा जाणवतो.

सॅनिटायझरचा थेंब चपड्याला खातो, गरम बाटलीने पांढरे वलय उठते आणि पावसाळी हवेत लावल्यास तो दुधाळतो, हे मान्य करावे लागेल. म्हणून लंगोट बदलण्याच्या टेबलाला मी आजही पीयूच सुचवेन. कठड्यासाठी मात्र सुटा चपडा आणून लागेल तेवढाच विरघळवावा, कारण बाटलीत महिनोन्‌महिने राहिलेले द्रावण नीट वाळत नाही. शंका आल्यास काचेवर एक थेंब टाकून पाहावा आणि दुसऱ्या दिवशीही तो चिकट लागला, तर ती बाटली वापरू नये.