‘हलाल नफ्या’च्या नावाखाली आमचे पैसे बुडाले

व्याज नको म्हणून अब्बांनी कुवेतमधली कमाई कधीच मुदत ठेवीत टाकली नाही. मोहल्ल्यातल्या एकाने हे बरोबर हेरलं. जुम्म्याच्या नमाजनंतर तो अब्बांजवळ येऊन बसायचा. कापडाच्या धंद्यात भागीदारी, लाखामागे दरमहा तीन हजार ‘हलाल नफा’, मुद्दल हवं तेव्हा परत. सुरुवातीला पैसे वेळेवर आले, म्हणून मामूंनीही दिले. पुढे माल बंदरात अडकला, मग फोन बंद.

पावती माझ्यासमोर आहे. वर हिरव्या शाईत बिस्मिल्ला, खाली रक्कम आणि सही. नफ्यात वाटा किती, तोटा कुणाचा, याबद्दल एक अक्षर नाही. कागद मागितला तेव्हा तो म्हणाला होता, “चाचा, आपसात भरवसा नाही का?” सूरह बकराची 282वी आयत, कुराणातली सर्वांत मोठी, उधारीचा व्यवहार लिहून ठेवा, साक्षीदार घ्या, असंच सांगते. रक्कम लहान असली तरी लिहायचा कंटाळा करू नका, असंही त्यातच आहे. कागद मागणं हा अविश्वास नाही, तो दीनचाच, धर्माचाच भाग आहे.

फसवणुकीची दुसरी खूण याहून पक्की. मुदारबा म्हणजे इस्लामी पद्धतीची भागीदारी, त्यात एकाचं भांडवल, दुसऱ्याची मेहनत. हिस्सा ठरतो तो होणाऱ्या नफ्यातला. धंदा बुडाला आणि त्यात चालवणाऱ्याची बेइमानी किंवा हयगय नसेल, तर भांडवलाचं नुकसान पैसेवाल्याचं. मुद्दलाची हमी आणि त्यावर दरमहा बांधलेली रक्कम, हे सरळ व्याजच आहे. कुणी त्याला हलाल म्हणत असेल तर तिथूनच उठा.

मला जास्त लागतं ते वेगळंच. 622 साली जिवावर उठलेल्या मक्केतून निघताना पैगंबरांनी (स.) लोकांच्या अमानती परत करायला हजरत अलींना (र.) मागे ठेवलं होतं. त्याच पैगंबरांचं नाव घेऊन या माणसाने शेजाऱ्यांच्या, विधवांच्या ठेवी गिळल्या.

आता काही जण म्हणतात, सब्र करा, तक्रारीने कौमची बदनामी होईल. तसं काही नाही, बदनामी त्याने केली आहे. महाराष्ट्रात ठेवीदारांसाठी 1999चा कायदा आहे, त्याखाली आरोपीची मालमत्ता जप्त होऊ शकते. अब्बांनी तक्रार दिली आहे. तुमच्याकडेही अशी पावती असेल तर बँकेचा उतारा आणि व्हॉट्सअ‍ॅपवरचं बोलणं जपून ठेवा आणि लवकर पोलिसांत जा.